विचाराचे तास

संघमित्रा तायडेला कामावरून काढायची मॉरा फिनलेची अजिबात इच्छा नव्हती. म्हणून तर सोमवारी सकाळी तिनं तिला आपल्या खोलीत बोलावून घेतलं, दार लावलं आणि म्हणाली, "मित्रा, तू घरी फार विचार करतेस."

संघमित्राला आधी ती आपुलकीची चौकशी वाटली. "घरी सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "यशूच्या शाळेचं जरा चालू होतं, पण आता..."

"तसला विचार नाही. गोष्टीचा विचार."

मॉरानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. गेल्या महिन्याचा आलेख होता. ऑफिसच्या वेळेतल्या उंच निळ्या रेघा संघमित्राच्या ओळखीच्या होत्या. पण त्या संध्याकाळी थांबत नव्हत्या. स्वयंपाकाच्या वेळी पुन्हा डोकं वर काढत होत्या, आणि रविवारी दुपारी तर चांगल्या दाटीवाटीनं उभ्या होत्या.

संघमित्रा मूळची अकोल्याची. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात, मॉराच्या लहानशा कंपनीत, ती व्हिडिओ गेमच्या कथा लिहायची. सध्याचा गेम तिच्याच डोक्यातून निघाला होता. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन दख्खन ओलांडणारा एक तांडा, आणि त्याची म्होरकी सोनकी. खेळणाऱ्यानं सोनकीच्या जागी उभं राहून एकेक निर्णय घ्यायचा. मॉरा तिची प्रायोजक होती, म्हणजे संघमित्राचा व्हिसा या नोकरीला बांधलेला होता. नवरा सुमेध आणि सहा वर्षांची यशोधरा यांचा व्हिसा संघमित्राच्या व्हिसाला.

बाहेरून बोलावलेल्या लेखकाला ठरलेल्या किमान पगारापेक्षा कमी द्यायचं नाही, असा त्या देशात नियम होता. नियम चांगला होता, पण त्याला एक भोक होतं. काही कंपन्या किमान पगार द्यायच्या आणि दुप्पट काम करून घ्यायच्या. लेखकाचा देशातला मुक्कामच मालकाच्या हातात, त्यामुळे तक्रार करणार कोण? मग लेखकांच्या संघटनेनं मागणी केली की पगाराला कामाच्या तासांनी भागा, आणि तासाचा दर किमान दराखाली गेला तर कंपनीला जाब विचारा. यावर कंपन्या म्हणाल्या, तास मोजायचे कसे? खिडकीबाहेर बघत बसलेला लेखक काम करतोय की वेळ घालवतोय, हे कोण सांगणार?

उत्तर मेंदूच्या अभ्यासातून आलं. माणसाच्या मेंदूत आठवणी आणि कल्पना यांची उलथापालथ करणारं एक जाळं असतं. आपण स्वस्थ बसलो की ते जागं होतं. हातातल्या कामावर लक्ष ठेवणारं जाळं वेगळं असतं, आणि एरवी एक पुढं आलं की दुसरं मागं सरतं. पण माणूस गोष्ट रचायला लागला की ही दोन्ही, आणि त्यांच्या जोडीला शब्द जुळवणारा भाग, एकाच ठेक्यात चालू लागतात. हा ठेका ओळखणारी, कानामागं चिकटवायची बोटभर पट्टी तयार झाली. विचार कशाचा चालू आहे ते तिला कळत नसे. गोष्ट रचली जातेय, एवढंच कळे. संघटनेच्या मोर्चात संघमित्रा स्वतः पट्टीच्या बाजूनं फलक घेऊन उभी राहिली होती. प्रायोजित लेखकानं जागेपणी पट्टी काढायची नाही, ही अट तेव्हा कुणालाच जाचक वाटली नाही. तास जितके जास्त दिसतील तितकं लेखकाचंच भलं, असं सगळे धरून चालले होते.

"तुझा पगार या सगळ्या तासांनी भागला की दर मर्यादेखाली जातो," मॉरा म्हणाली. "परवाना कार्यालयाची नोटीस आलीय. तीन महिन्यांत एक तर पगार वाढवायचा, नाही तर तास कमी करायचे. यांतलं काहीच झालं नाही तर माझा प्रायोजक-परवाना जाईल आणि तुझा व्हिसा."

"मग पगार वाढव."

"सहा माणसांची कंपनी आहे, मित्रा. कुठून वाढवू?" मॉरानं आलेखातल्या संध्याकाळच्या रेघांवर बोट ठेवलं. "पट्टीत एक सोय आहे. ऑफिसबाहेर ठेका सुरू झाला की ती थरथरते. तुला भान येईल, तू विषय बदलशील."

"म्हणजे मी विचार करू नये."

"घरी," मॉरा म्हणाली. "फक्त घरी." हे म्हणताना तिनं संघमित्राकडं पाहिलं नाही.

सुमेधला हे सगळं सोपं वाटलं. त्याला प्रत्येक गोष्ट आधी सोपीच वाटायची. अकोल्यात तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. इथं तो बंदरावर पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करत होता, आणि त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नव्हती.

"तू विचारात गेली की तुझा हात थांबतो," तो म्हणाला. "मी टोकत जाईन."

आणि तो खरंच टोकायला लागला. "काय करून राहिली? भाजी बघ." कधी रेडिओ मोठा करायचा, कधी पात्याला तडा कुठून जातो ते समजावत बसायचा. पहिले काही दिवस दोघांना त्याची गंमत वाटली. मग एका रविवारी ती कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली आणि तो सवयीनं म्हणाला, "मित्रा, बंद कर."

"मी नुसती बसलेय."

"हात थांबला होता."

"दमला होता हात."

सुमेधनं तिच्या कानामागं पाहिलं, पट्टी थरथरतेय का ते. संघमित्रानं तो बघणारा डोळा बघितला आणि घड्या तशाच टाकून उठली. त्या दिवशी ती दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलली.

यशूची पंचाईत वेगळी होती. रोज झोपताना तिला गोष्ट लागायची आणि ती गोष्ट त्याच दिवशी तयार झालेली लागायची. सध्या एक बकरी समुद्र बघायला निघाली होती. बकरी बाळापूरच्या बसमध्ये चढली, कंडक्टरनं तिकीट मागितलं, आणि पट्टी थरथरली. संघमित्रा थांबली.

"मग?" यशूनं विचारलं.

"मग..." पट्टी पुन्हा थरथरली. "उद्या सांगते."

"काल पण उद्या म्हणाली होतीस."

पट्टीला बकरी आणि सोनकी यांतला फरक कळत नव्हता. गोष्ट कुणासाठी रचली जातेय, पगार देणाऱ्या कंपनीसाठी की अंथरुणात वाट बघणाऱ्या पोरीसाठी, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. संघमित्रानं वाचनालयातून पुस्तकं आणली. यशू ती शहाण्यासारखी ऐकून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून झोपायची.

तास उतरले. आलेखातल्या संध्याकाळच्या रेघा आधी बुटक्या झाल्या, मग नाहीशा. मॉराचा जीव भांड्यात पडला. पण नंतर तिनं संघमित्रानं लिहिलेला नवा भाग वाचला आणि ती तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"हे तू लिहिलंस?"

"मीच."

"सोनकी सगळ्यांशी नुसतं बरोबर बोलतेय. तिला काही हवंच नाहीये."

संघमित्राला ते आधीच कळलं होतं. पट्टी फक्त घरी थरथरायची, पण मन घर आणि ऑफिस असं वेगळं शिकत नव्हतं. एखादं दृश्य उभं राहायला लागलं की ऑफिसातसुद्धा ती आपोआप आत आकसायची, चटका बसण्याची वाट बघितल्यासारखी. तांडा नदीकाठी येऊन थांबला होता. नदीला पूर. बैल सोडायचे की मीठ सोडायचं, हे सोनकीला ठरवता येत नव्हतं, कारण संघमित्राला ठरवता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी यशूनं पुस्तक बाजूला सारलं. "तू नको सांगू. मी सांगते. तुला ऐकायची परवानगी आहे ना?"

"आहे," संघमित्रा म्हणाली.

यशूनं बकरीला बसमधून उतरवलं, एका हत्तीकडून तिकिटाचे पैसे उसने घ्यायला लावले आणि थेट मुंबईच्या समुद्रात नेऊन उभं केलं. संघमित्रा विसरून गेली आणि मध्येच म्हणाली, "पण तिला पोहता येतं का?" यशू म्हणाली, "नाही, पण हत्तीला येतं." मग हत्तीच्या पाठीवर काय काय न्यायचं यावरून दोघींची जुंपली. गोष्ट संपली, यशू झोपली, आणि संघमित्राच्या लक्षात आलं की आपण निम्मी गोष्ट रचली तरी पट्टी गप्प होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं स्वतःच्या नोंदी काढून पाहिल्या. यशूबरोबरच्या रेघेत ठेका होता, पण तो सारखा मोडत होता, वळत होता, पुन्हा जुळत होता. इशारा देण्याइतका सलग तो कुठंच नव्हता. मग तिनं जुने महिने काढले, इशारा सुरू व्हायच्या आधीचे. भांडी घासतानाची रेघ लांब, एकसंध, संथ. झोपतानाच्या गोष्टीची रेघ कालच्या रेघेपेक्षा बरीच सलग, पण जिथं जिथं यशू मध्ये बोलली असणार तिथं तिला तेच वळण होतं. एक रेघ एकटीची होती. दुसरीत कुणीतरी समोर बसलेलं होतं.

ती तडक मॉराच्या खोलीत गेली.

"मी परवाना कार्यालयाच्या पुनर्विचार मंडळाकडं अर्ज करणार आहे."

मॉराचा चेहरा उतरला. "माझ्याविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध नाही," संघमित्रा म्हणाली. "पण घरच्या कामाच्या तासांचे पैसे तुलाच द्यावे लागतील, हे आधीच सांगून ठेवते."

सुनावणी एडिनबराला होती. सुमेध बरोबर आला, आणि यशूला सांभाळायला मागं कुणी नव्हतं म्हणून तिलाही नेलं. मागच्या बाकावर मॉरा बसली आणि यशू तिच्या शेजारी, चित्रं काढत. मंडळाच्या बाजूनं एकट्या डॉ. इसोबेल मॅकरे होत्या. ठेका ओळखायची रीत ज्यांनी बसवली त्यांतल्या त्या एक. केस पांढरे, बोलणं तुटक.

त्यांनी रेघा बराच वेळ बघितल्या. "फरक दिसतोय," त्या म्हणाल्या. "ऐकणारा समोर असला की सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा मेंदू एकमेकांच्या चालीनं चालू लागतो, हे आम्हाला माहीत आहे. पण ते सिद्ध करायला दोन रेघा लागतात. तुमच्या मुलीला एक संध्याकाळ पट्टी लावा. काही दुखत नाही. प्रश्न मिटेल."

"नाही," संघमित्रा म्हणाली.

"कारण?"

"तिच्या डोक्यात कुणी मोजमाप करायला जायचं नाही. मी पगार घेते, म्हणून माझ्या डोक्याला पट्टी. ती पगार घेत नाही."

"मग माझ्याकडं पुरावा नाही, मिसेस तायडे."

सुमेध उठून उभा राहिला. "मला लावा," तो म्हणाला. "तिला गोष्ट सांगू द्या मला. इथंच."

डॉ. मॅकरेंनी जरा विचार करून होकार दिला. मराठी चालेल का, असं संघमित्रानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला समजायची गरज नाही. मी रेघा बघणार आहे."

दोघं समोरासमोर बसली. संघमित्रानं बकरीची गोष्ट सुरू केली. सुमेध परीक्षेला बसल्यासारखा ताठ होता आणि दर वाक्याला त्याची नजर स्क्रीनकडं जात होती. तिची रेघ एकीकडं, त्याची भलतीकडं. बकरी बसमध्ये चढली तरी काही फरक पडला नाही. संघमित्रा थांबली.

"तिकडं बघू नको," ती म्हणाली. "माझ्याकडं बघ. समज, तू आला नाहीस."

"कुठं?"

"इथं. समज, मी आणि यशू विमानात बसलो आणि तू अकोल्यातच राहिलास. कॉलेज सोडलं नाहीस."

सुमेधची नजर स्क्रीनवरून निघाली.

"सकाळी पहिला तास असतो," ती म्हणाली. पुढं काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या ठाऊक नसण्याची तिला भीती वाटली नाही. "तू लंबक शिकवतोस. मागच्या बाकावरची एक मुलगी विचारते, सर, हाच लंबक चंद्रावर हळू का हलेल? आणि तू तिला सगळं गणित फळ्यावर..."

"छे. फळ्यावर कशाला? मी तिलाच विचारेन, चंद्रावर दगड हळू का पडतो? ती स्वतः काढेल उत्तर."

"काढते ती उत्तर. तू इतका खुश होतोस की संध्याकाळी मला फोन करतोस. पण मी मीटिंगमध्ये असते."

"मग?"

"मग तू ते आईंना सांगतोस."

"नाही," सुमेध म्हणाला. "तो आईला नाही सांगणार. तो कुणालाच नाही सांगणार." तो आता तिच्याकडं झुकून बसला होता. "तो फक्त दुसऱ्या दिवसाची वाट बघेल. वर्गात जायची."

संघमित्रानं त्याच्याकडं पाहिलं. "मग तो इथं येतच नाही?"

"येतो ना. उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. तुम्हाला बघतो आणि परत जाववत नाही त्याला. पण बंदरावर नाही जात तो कामाला." सुमेध जरा थांबला. "तो इथली शाळा शोधतो."

डॉ. मॅकरेंनी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. पहिला भाग सोडला तर दोन्ही रेघा बरोबर चालल्या होत्या, एक किंचित पुढं, दुसरी किंचित मागं. काही ठिकाणी ऐकणाऱ्याची रेघ सांगणाऱ्याच्या पुढं गेली होती. पुढं काय येणार हे त्याला आधीच कळलं असावं, तशी.

"हे तुमच्या नवऱ्यापुरतं झालं," डॉ. मॅकरे म्हणाल्या. "मुलीचं काय?"

"त्याची रेघ झाका," संघमित्रा म्हणाली. "माझी एकटीची बघा. आणि तिच्या शेजारी झोपतानाच्या गोष्टींच्या रेघा ठेवा."

त्यांनी तसं केलं. आजची रेघ आणि यशूच्या अंथरुणाशेजारी बसून निघालेल्या जुन्या रेघा, यांची वळणं सारखी होती. भांड्यांच्या वेळची लांब रेघ त्यांच्या जवळपासही नव्हती.

"ती तिथं होती हे माझ्या रेघेवरच दिसतंय," संघमित्रा म्हणाली. "तिला पट्टी लावायची गरज नाही."

डॉ. मॅकरेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मान्य. मुलीच्या गोष्टी कामात धरायच्या नाहीत. पण मला एक सांगा. तुम्ही घरचे सगळेच तास वगळा असं मागितलं असतं, तर दर मर्यादेत बसला असता आणि तुमच्या कंपनीवरही भार पडला नसता. ते का नाही मागितलं?"

मागच्या बाकावर मॉराची हालचाल झाली.

"कारण भांडी घासताना मी सोनकीचं काम करते," संघमित्रा म्हणाली. "ते काम आहे. ते मी आज फुकट सोडलं, तर उद्या प्रत्येक कंपनी लेखकाला दिवसभर दुसरीच कामं लावेल आणि लिहायचं काम त्याच्या मोरीत पाठवून देईल. किमान पगाराचा नियम आमच्यासाठी केलाय. तो मला हवा आहे. त्याचे पैसे वाचवायला मी विचार करायचं थांबावं, हे मला मान्य नाही."

निकाल त्याच दुपारी मिळाला. समोर माणूस बसवून सांगितलेली गोष्ट कामाच्या तासांत नाही. थरथरण्याची सोय कुणाही लेखकावर लादायची नाही. आणि घरी पट्टी लावायची की नाही, हे लेखकानं ठरवायचं. लावली तर जे तास दिसतील त्यांचा किमान दर कंपनीनं भरायचा.

बाहेर पायऱ्यांवर मॉरा बराच वेळ कोटाची बटणं लावत उभी होती. "पुढच्या गेमसाठी ठेवलेले पैसे यात जाणार," ती शेवटी म्हणाली. "तो गेम होणार नाही. निदान दोन-तीन वर्षं."

"मला वाईट वाटतं त्याचं," संघमित्रा म्हणाली.

"मलाही. पण तू विचार न करता लिहिलेलं मी वाचलंय." मॉरानं सुस्कारा टाकला. "हा गेम सहा महिने पुढं ढकलते. नीट लिही."

परतीच्या बसमध्ये यशू खिडकीशी बसली आणि सुमेध मध्ये. तो म्हणाला, "इथं शिक्षक व्हायचं तर वर्षभराचा अभ्यासक्रम करावा लागते. मी चौकशी करून ठेवली आहे."

"केव्हा?"

"झाले बरेच दिवस."

"मला नाही बोललास."

"तुला विचार करायची बंदी होती," सुमेध म्हणाला, आणि दोघंही हसली. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "वर्षभर माझा पगार नसेल, मित्रा."

"माझा वाढलाय," ती म्हणाली. "नाव घाल."

बस टे नदीच्या पुलावर चढली. खाली भरतीचं पाणी करडं आणि रुंद पसरलं होतं. संघमित्रा ते बघत राहिली. पलीकडचा काठ, अलीकडे खोळंबलेले बैल, ओल धरायला लागलेल्या गोण्या. सोनकी पाण्यात एक पाऊल टाकून उभी होती. आणि संघमित्राला दिसलं की तिला मीठही सोडायचं नाहीये आणि बैलही. ती तांड्याला काठावरच मुक्काम करायला सांगणार, मीठ इथल्याच गावांत विकणार, आणि आजवर तांड्यात कुणी विचारलं नव्हतं ते विचारणार, पुढं जायलाच हवं का?

तिनं पर्समधून पट्टी काढली आणि कानामागं चिकटवली.

"आई, ते बघ, केवढी बोट," यशू म्हणाली.

सुमेधनं यशूला मांडीवर घेतलं. "मला दाखव," तो हळूच म्हणाला. "आई कामावर आहे."